तुकडेदार खडक कसा ओळखावा आणि तो कशामुळे फुटला हे कसे ठरवावे

सह्याद्रीतील घाटरस्त्यांच्या कापणीत एकसंध काळ्या बेसाल्टवर कधी कधी लालसर, ओबडधोबड तुकडे एकमेकांत रुतून बसलेला थर दिसतो. अशा तुकडेदार खडकाला कोणाश्म किंवा ब्रेशिया म्हणतात.

प्रथम तुकड्यांच्या कडा पाहाव्यात. त्या गोलसर असतील तर पाण्याने घासलेल्या गोट्यांचा तो पिंडाश्म होय; धारदार असतील तर तुकडे सहसा मूळ जागेपासून फार लांब गेलेले नसतात. तुकडा बोटांनी सहज निघून येत असेल, तर तो खडक नसून साधा राडारोडा आहे, हेही येथेच तपासून घ्यावे.

त्यानंतर भिंग घेऊन तुकड्यांमधील जोडद्रव्य पाहावे. नवशिके तुकड्यांकडेच पाहत राहतात, पण खडकाची जन्मकथा बहुधा या सांध्यांत असते. लाव्हाची वरची साय थिजते, आतला प्रवाह मात्र पुढे सरकत राहतो आणि त्या ताणाने साय फुटते. अशा थरातील तुकडे सच्छिद्र असतात व त्यांमधील पोकळ्या पुष्कळदा झिओलाइट किंवा कॅल्साइट या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या आढळतात. जोडद्रव्य ज्वालामुखीची राख असेल तर स्फोटक उद्रेकाची शक्यता धरावी. डोंगरपायथ्याशी साचलेली दरड वाळू, चुना किंवा सिलिका यांनी सांधली गेली असेल, तर तो गाळाचा कोणाश्म.

तिसरी पायरी म्हणजे थोडे मागे सरून थराची ठेवण पाहणे. तुकड्यांचा अरुंद पट्टा लाव्हाचे थर आडवे छेदून जात असेल, त्यात त्याच खडकाचा भुगा असेल आणि बाजूच्या पृष्ठभागावर घासल्याचे गुळगुळीत, रेघाळ चट्टे असतील, तर तेथे प्रस्तरभंग (खडक तुटून त्याचे भाग एकमेकांवर सरकणे) झाला असण्याची दाट शक्यता असते.

उल्काघाताने झालेला कोणाश्म नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या लोणार विवराच्या तळाखाली वेधनात, म्हणजे यंत्राने खोल भोक पाडताना, असा खडक सापडला. त्यातील फेल्डस्पार खनिजाचे आघातामुळे काचेसारख्या मास्केलिनाइटमध्ये रूपांतर झाले होते, आणि अशी खूण खात्रीने ओळखण्यासाठी खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. लोणारचा परिसर अभयारण्य असल्याने तेथे हातोडा चालवू नये. प्रमाणासाठी शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि थराचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे वहीत टिपून ठेवावे.