रॉकेटचं लाईव्ह बघताना या चुका टाळा

मोठं प्रक्षेपण असलं की उड्डाणाच्या दहा मिनिटं आधी माझा फोन वाजायला लागतो. लिंक उघडत नाही, सारखं अडकतंय, वेळ होऊन गेली तरी रॉकेट जागेवरच आहे. हे तीन प्रश्न आलटून पालटून येतात आणि तिन्हींचा दोष नेटवर ढकलला जातो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा स्ट्रीम व्यवस्थित चालू असतं. बघणारा चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या ठिकाणी आलेला असतो. नाहीतर पडद्यावर काय चाललंय ते न कळल्यामुळे ऐन वेळी उठून गेलेला असतो. नेट सुधारणं दर वेळी आपल्या हातात नसतं, पण या बाकीच्या गोष्टी असतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

घड्याळ थांबलं म्हणून उठून जाणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. 21 ऑक्टोबर 2023, नवरात्रातला शनिवार. गगनयानाच्या पहिल्या चाचणी यानाचं, टीव्ही-डी1चं उड्डाण सकाळी आठला होतं. एका शाळेने सभागृहात प्रोजेक्टर लावला होता, मुलं जमिनीवर दाटीवाटीने बसली होती आणि मला समजावून सांगायला बोलावलं होतं. खराब हवेमुळे वेळ आधी साडेआठवर गेली, मग पावणेनऊवर. तेवढ्यातच शिक्षकांची चुळबुळ सुरू झाली. अखेर उलटी मोजणी सुरू झाली, मुलं मोठ्याने आकडे म्हणू लागली आणि उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने सगळा क्रम थांबवला. थोड्या वेळाने इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी पडद्यावर येऊन सांगितलं की यान सुरक्षित आहे, काय झालं ते तपासून परत कळवतो.

शाळेने प्रोजेक्टर बंद केला. "आजचं रद्द झालं, आपापल्या वर्गात चला." मी थांबा म्हणत होतो, पण पहिला तास बुडाला होता आणि दुसरा बुडवायची कुणाची तयारी नव्हती. रांगेतली एक मुलगी जाता जाता म्हणाली, "काका, ते रद्द म्हणाले नाहीत, थांबवलंय म्हणाले." बरोबर दहा वाजता ते यान उडालं. सुमारे 12 किलोमीटर उंचीवर बचाव यंत्रणेने अंतराळवीर बसायची कोठडी रॉकेटपासून ओढून बाजूला काढली, पॅराशूट उघडली आणि ती बंगालच्या उपसागरात उतरली. नऊ मिनिटांत सगळं आटोपलं. माणसाला अवकाशात नेणारं आपलं यान उडताना आलेल्या संकटात कसं वाचेल याची ती पहिली परीक्षा होती आणि ती बघायला जमलेली मुलं त्या वेळी फळ्यावरची गणितं उतरवत होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

होल्ड, म्हणजे मोजणी मध्येच थांबवणं, हा मोजणीचाच भाग आहे. काही होल्ड आधीपासून वेळापत्रकात असतात, म्हणून अमेरिकी प्रक्षेपणांत टी-मायनसचं, म्हणजे उड्डाणाला किती वेळ उरला ते दाखवणारं घड्याळ थांबलेलं दिसतं आणि काही वेळाने पुन्हा चालू होतं. थांबायचं की उठायचं हे ठरवायला मी एकच गोष्ट बघतो, ती म्हणजे यान कुठे चाललंय. टीव्ही-डी1ला कुठल्याच कक्षेत जायचं नव्हतं, वर जाऊन समुद्रात उतरायचं होतं, म्हणून तास-दीड तास थांबणं परवडलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे जाणाऱ्या ड्रॅगनचं, म्हणजे स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या यानाचं, तसं नसतं. स्थानकाच्या कक्षेची पातळी तळावरून जाते तो नेमका क्षण गाठावा लागतो. तो चुकला की त्या दिवसाचं उड्डाण गेलं, मग खुशाल उठा. युरोपचे प्रोबा-3 उपग्रह घेऊन जाणारं इस्रोचं रॉकेट पीएसएलव्ही-सी59, 4 डिसेंबर 2024ला दुपारी 4:08ला उडणार होतं. उपग्रहात दोष दिसला आणि थोडा वेळ उरलेला असताना उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. दुसऱ्या दिवशी 4:04ला ते झालंही. 'रद्द' हा शब्द मिशन कंट्रोलकडून ऐकल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही, मग शेजारचा कितीही खात्रीने सांगो.

आपण किती मागे आहोत हे न बघणं

लाईव्ह म्हणजे त्याच क्षणाचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. नेटवरून येणारं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि प्लेअर थोडे तुकडे साठवल्यावरच दाखवायला लागतो. त्यामुळे आपण नेहमीच काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असतो. तेवढं चालतं. खरं नुकसान करतं ते पॉज.

23 ऑगस्ट 2023ला एका सोसायटीच्या हॉलमध्ये चंद्रयान-3चं उतरणं दाखवत होते. ज्याच्या लॅपटॉपवर स्ट्रीम होतं त्याने पाहुण्यांचं भाषण होईपर्यंत ते पॉज केलं आणि नंतर पुन्हा चालू केलं. चित्र स्वच्छ होतं, आवाज स्वच्छ होता, कुठेही अडकत नव्हतं. उतरणारं यान विक्रम अजून शेकडो मीटर उंचीवर दिसत होतं आणि वरच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. पाठोपाठ रस्त्यावर फटाके. हॉलमधली लहान मुलं बाहेर पळाली, मोठी माणसं फोन काढून बघू लागली. 6 वाजून 4 मिनिटांचा तो क्षण त्या हॉलला शेजाऱ्यांच्या ओरडण्यातून कळला. त्या संध्याकाळी इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एका वेळी 80 लाखांहून जास्त लोक होते आणि स्ट्रीमने तो भार पेलला. या हॉलमध्ये गडबड झाली ती फक्त न दाबलेल्या एका बटणामुळे.

प्लेअरच्या खाली 'लाईव्ह' शब्दाशेजारी ठिपका असतो. तो राखाडी दिसला की तुम्ही मागे आहात. त्यावर बोट ठेवा, लाल होईल. माझी सवय अशी की शेवटच्या पाच मिनिटांत तो ठिपका एकदा दाबायचा आणि मग कशालाही हात लावायचा नाही. भाषणं असतील तर आवाज बंद करा, चित्र चालू राहू द्या. कार्यक्रमाची आखणी करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की सत्कार उतरण्यानंतर ठेवा.

वेळ आणि तारीख न बदलून घेणं

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांना अवकाश स्थानकाकडे नेणारी ॲक्सिऑम-4 मोहीम उडाली तेव्हा फ्लोरिडात 25 जून 2025च्या पहाटेचे 2:31 झाले होते, आपल्याकडे दुपारचे 12:01. उन्हाळ्यात फ्लोरिडाच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा, कारण तिथे घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं. रात्री तिथे दहाला उड्डाण असेल तर आपली तारीख बदललेली असते, आणि लोक एक दिवस आधी किंवा नंतर लिंक उघडून बसतात. मी स्थानिक वेळेच्या नादाला लागतच नाही. जागतिक प्रमाणवेळ (यूटीसी) बघतो आणि साडेपाच तास मिळवतो, ते वर्षभर चुकत नाही.

याच मोहिमेची तारीख 29 मेपासून सरकत सरकत 25 जूनवर आली. मधल्या काळात प्रत्येक जुनी तारीख व्हॉट्सॲपवर फिरत राहिली. फॉरवर्डवरची वेळ खरी मानू नका. ज्यांचं यान आहे त्यांच्याच पानावर त्या दिवशी सकाळी बघा.

नाव बघून कुठल्याही वाहिनीवर शिरणं

यात पैसे जातात, म्हणून नीट वाचा. स्पेसएक्सने 2023च्या उत्तरार्धापासून आपली प्रक्षेपणं स्वतःच्या संकेतस्थळावर आणि एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) दाखवायला सुरुवात केली. यूट्यूबवर त्यामुळे जागा मोकळी झाली आणि तिथे स्पेसएक्सचं नाव-चिन्ह लावलेल्या खोट्या वाहिन्या उगवल्या. जुनं फुटेज 'लाईव्ह' म्हणून लावतात, स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क यांचा बनावट चेहरा आणि आवाज बोलत असतो आणि कोपऱ्यात क्यूआर कोड: क्रिप्टो पाठवा, दुप्पट परत मिळेल. स्टारशिप या त्यांच्या महाकाय रॉकेटच्या उड्डाणांच्या वेळी हे सर्रास दिसतं. कुठलीही अवकाश संस्था उड्डाणाच्या वेळी तुमच्याकडे पैसे मागत नाही. पडद्यावर क्यूआर कोड दिसला की मी ती खिडकी बंद करतो, पुढचं वाचतही नाही. घरात आजी-आजोबा किंवा शाळकरी मुलं एकटी बघणार असतील तर लिंक तुम्ही आधी उघडून द्या. इस्रोच्या मोहिमेसाठी इस्रोच्या संकेतस्थळावरून जा. नासासाठी त्यांचीच नासा प्लस ही सेवा आहे, फुकट आहे आणि खातंही काढावं लागत नाही.

बातम्यांच्या वाहिन्यांचं लाईव्ह खोटं नसतं, पण मी ते टाळायलाच सांगतो. निवेदक मिशन कंट्रोलच्या आवाजावर बोलत राहतो आणि ऐकण्यासारखं तेच असतं.

'हे तर कार्टून आहे'

चंद्रयान-3 उतरताना पडद्यावर संगणकाने काढलेलं यान होतं, बाजूला उंची आणि वेगाचे आकडे होते. कॅमेऱ्याचं चित्र लाईव्ह का नाही, काही लपवतात का, असं मला चांगली शिकलेली माणसं विचारतात. उतरताना यानाच्या संपर्कातून पहिल्यांदा यायला हवेत ते उंची, वेग आणि इंजिनांची स्थिती सांगणारे आकडे. त्या आकड्यांवरच पडद्यावरचं यान हलत असतं. नासाचं पर्सिव्हरन्स हे यान 18 फेब्रुवारी 2021ला मंगळावर उतरलं तेव्हा तिथून संदेश यायलाच अकरा मिनिटांहून जास्त लागत होते. उतरतानाचा व्हिडिओ चार दिवसांनी जगाने पाहिला. आकडे वाचायला शिका. 7 सप्टेंबर 2019च्या पहाटे चंद्रयान-2चा ठिपका आखलेल्या रेषेवरून घसरताना ज्यांनी पाहिला, त्यांना 2.1 किलोमीटरवर संपर्क तुटल्याची घोषणा व्हायच्या आधीच काळजात धस्स झालं होतं.

स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटचा पहिला टप्पा समुद्रातल्या जहाजावर उतरताना कधी कधी चित्र गोठतं, तेही तुमच्या नेटमुळे नाही. इंजिनाच्या हादऱ्यांनी जहाजावरच्या अँटेनाचा संपर्क तुटतो.

तयारीच्या बारीक चुका

दहा-वीस माणसं बघणार असतील तर वायफायच्या भरवशावर राहू नका, लॅन केबल जोडा. चित्र अडकतंय असं वाटलं की दर्जा 'ऑटो'वरून काढून हाताने 720 किंवा 480 करा. सारखं रिफ्रेश केल्याने साठवलेलं जातं आणि परत पहिल्यापासून अडकतं. राउटर इन्व्हर्टरवर आहे का ते आदल्या दिवशी मेन स्विच पाडून बघा. एचडीएमआय लावल्यावर आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे जातो, तो सेटिंगमधून परत स्पीकरकडे वळवा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर त्या फोनवर कुणाचा फोन येणार नाही याची व्यवस्था करा. डिश जोडलेला एखादा टीव्ही जवळ ठेवा. चंद्रयान-3 दूरदर्शनवरही थेट होतं. यातलं काहीही उड्डाणाच्या पंधरा मिनिटं आधी करायला घेऊ नका. आदल्या दिवशी त्याच वेळी कुठलंही लाईव्ह लावून अर्धा तास चालवा. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि ऐन वेळी पासवर्ड शोधत बसतात.

रॉकेट उडालं की बंद करणं

टाळ्या वाजतात, ढगात ठिणगी दिसेनाशी होते आणि प्रोजेक्टर बंद होतो. मोहीम तेव्हा नुकती सुरू झालेली असते. चंद्रयान-3ला नेणारं इस्रोचं एलव्हीएम3 रॉकेट तळावरून उचललं जातं ते फक्त दोन बाजूच्या एस200 बूस्टरांवर. मधला एल110 टप्पा साधारण पावणेदोन मिनिटांनी हवेतच पेटतो, त्यानंतर क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणारं इंजिन. चंद्रयान-3 रॉकेटपासून सुटं झालं ते उड्डाणानंतर सोळा मिनिटांनी. मधल्या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी बिघडू शकतं. 12 ऑगस्ट 2021ला इस्रोचं जीएसएलव्ही-एफ10 रॉकेट सुंदर उडालं, पण क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. 18 मे 2025च्या सकाळी 5:59ला पीएसएलव्ही-सी61 उडालं, पहिले दोन टप्पे चोख चालले आणि तिसऱ्यात दाब पडला. दोन्ही वेळा उड्डाण यशस्वी झाल्याचे निरोप माझ्या फोनवर आधी आले, इस्रोचं निवेदन नंतर.

म्हणून पहिल्या मिनिटानंतर आगीकडे बघणं सोडून पडद्यावरच्या आलेखाकडे बघा. एक रेषा आखलेली असते, एक प्रत्यक्ष यानाची. दोन्ही एकमेकींवर चालल्या आहेत तोवर ठीक. मिशन कंट्रोल प्रत्येक टप्प्याचं नाव घेऊन 'परफॉर्मन्स नॉर्मल' म्हणतं, ते ऐका आणि मुलांना मोठ्याने म्हणायला सांगा. उपग्रह सुटा झाल्याची घोषणा झाली की मगच निरोप पाठवा.