कालचं हुमण, कालचा भात: परत गरम करताना

उरलेलं जेवण गरम करायला घेतलं की आधी पाण्याचा हिशोब करावा. भाताचं गेलेलं पाणी त्याला परत द्यायचं, हुमणाचं (गोव्याची खोबऱ्याच्या रसातली माशाची आमटी) आहे तेवढं राखायचं, तळलेल्या माशाच्या तुकडीला पाणी लागू द्यायचं नाही आणि कालची कोडी (कालचंच हुमण आटवून घट्ट केलेलं) करायची असेल तर मुद्दाम आटवायचं. हे चारही पदार्थ सरसकट मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटं फिरवले की चारही बिघडतात.

भातापासून सुरुवात करू. फ्रिजमध्ये भात कडक होतो तो नुसता सुकल्यामुळे नाही. शिजताना फुगलेला स्टार्च थंडीत परत घट्ट जुळतो आणि शितं खडखडीत होतात. वाफेची उष्णता मिळाली की ही जुळणी सुटते, म्हणून भाताला कोरडी आच उपयोगाची नाही. सुरय (न उकडलेल्या, पांढऱ्या) तांदळाचा भात असेल तर ढेकळं हातानं हलकेच मोडा, दर वाटीला 1 मोठा चमचा पाणी शिंपडा, घट्ट झाकण लावून अगदी मंद आचेवर 4-5 मिनिटं ठेवा आणि गॅस बंद केल्यावर 2 मिनिटं तसाच राहू द्या. मधे झाकण काढून ढवळलं की वाफही जाते आणि शितंही मोडतात. उकड्या (सालीसकट उकडून सुकवलेल्या तांदळाच्या) भाताचं काम आणखी सोपं: त्याच्यावर बुडेल इतकं उकळतं पाणी ओता, झाकून 2-3 मिनिटं थांबा, चाळणीत निथळून परत गरम भांड्यात घाला आणि मिनिटभर झाकून मंद आचेवर ठेवा. उकड्याचं शीत दणकट असतं, ते या पाण्यात विरघळत नाही. सुरयवर हा प्रयोग केलात तर पेज होईल.

मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर भात ताटलीच्या कडेनं पसरून मध्यभागी खळगा ठेवा, पाणी शिंपडून झाकण घाला. मधला भाग नेहमी शेवटी तापतो.

आता हुमण. इथे बहुतेकांची घाई नडते. फ्रिजमधून काढलेलं हुमण खोबऱ्याची चरबी गोठल्यामुळे जाड दिसतं, म्हणून लगेच वाटीभर पाणी ओतलं जातं आणि तापल्यावर ते पाणचट होतं. आधी थोडं तापवा, मग जाडी बघून दर वाटीला 1-2 चमचे गरम पाणी घाला. त्याआधी मात्र एक काम: माशाचे तुकडे अलगद काढून ताटलीत ठेवा. मासा काल शिजलेला आहे, त्याला आता फक्त तापायचं आहे. रसाबरोबर उकळत राहिला तर त्याच्यातलं पाणी पिळून निघतं आणि बांगडा कोरडा, इसवण (सुरमई) भुश्यासारखा लागतो. रस मध्यम आचेवर ठेवा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच मंद करून तुकडे परत सोडा, झाकण ठेवा आणि 3-4 मिनिटं द्या. जाड तुकडी असेल तर काट्याजवळ टोचून बघा, आत गार राहता कामा नये. पळी घालू नका. भांडं कानांना धरून हलवलं की रस सगळीकडे पोचतो आणि तुकडा शाबूत राहतो.

खळखळून उकळलं तर खोबऱ्याच्या रसातलं प्रथिन गोठतं, तेल वेगळं होतं आणि हुमण फुटतं. फुटलंच तर 1 चहाचा चमचा तांदळाचं पीठ 2 चमचे पाण्यात कालवून घाला आणि मंद आचेवर 2 मिनिटं हलवत राहा. पहिल्यासारखं होणार नाही, पण भातावर घालण्याजोगं होतं. हुमणातली तेफळं (तिरफळं) रात्रीच काढून ठेवलेली बरी. दुसऱ्या दिवशी तीच दाताखाली आली की जीभ बधिर, आणि मग बाकीची चव कळतच नाही.

कालच्या कोडीत याच्या नेमकं उलट करायचं. मासे काढलेला रस पसरट भांड्यात घ्या, झाकण नको, पाणी नको. मंद आचेवर तळ खरवडत राहा, कारण खोबरं पटकन लागतं. रस पळीला चिकटून राहिला आणि कडेला तेल सुटलं की झाली. इथे फुटणं हवंच आहे. पाणी आटलं की मीठ आणि आंबट दोन्ही चढतात, तेव्हा उद्या कोडी करायची हे ठरलेलं असेल तर आज मीठ हात राखून घाला. सकाळी पेजेबरोबर नाहीतर पोईला (गोव्याचा कोंड्याचा पाव) लावून खायची.

खतखतं (डाळ आणि बऱ्याच भाज्यांची घट्ट भाजी) रात्रीत स्वतःच आणखी घट्ट होतं, डाळ आणि कंदमुळं रस शोषतात. 2 वाट्यांना पाव वाटी गरम पाणी पुरे. पुढच्या दिवशी ते अधिकच चवदार लागतं यावर फारसा वाद नाही. शागुतीला (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातलं कोंबडी-मटण) 2 चमचे पाणी, झाकण, मंद आच. हाडाजवळचं मांस गरम झालंय का ते एक तुकडा फोडून बघावं. सुंगटे (कोळंबी), माणक्या (माकुल) आणि तिसऱ्या (शिंपल्या) यांना मिनिटभराच्या वर आच लावली की रबर होतं. त्यांचा मसाला आधी कडकडीत तापवून मग त्यात त्या घालायच्या.

रव्यात तळलेल्या तुकडीला झाकण म्हणजे सत्यानाश. वाफ रव्यात मुरते आणि कवच सोलून येतं. तव्यावर अर्धा चमचा तेल, मध्यम आच, दोन्ही बाजूंना 2-2 मिनिटं. एअर फ्रायर असेल तर 180 अंशांवर 4 मिनिटं.

पोई फ्रिजमध्ये ठेवूच नका, पावाचा स्टार्च तिथे बाहेरपेक्षा लवकर कडक होतो. ओल्या हातानं दोन्ही बाजू पुसून मंद तव्यावर झाकून मिनिट-मिनिट भाजा आणि लगेच खा, कारण गार झाली की ती आधीपेक्षा चिवट होते. उंड्यांना (गोव्याचे गोल, कडक कवचाचे पाव) ओव्हन चांगला: वरून पाण्याचा हात, 170 अंश, 5 मिनिटं.

आपल्याकडच्या दमट उकाड्यात जेवण ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवण्यात अर्थ नाही, दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवं. भात पसरट ताटात गार करा. भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जगतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. हे विष नंतर गरम करून जात नाही. बांगडा, तारले यांचंही तसंच: मासा उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन साठतं आणि कितीही उकळलं तरी टिकतं. म्हणून वास घेऊन, खळखळवून वगैरे वाचवण्याच्या भानगडीत पडू नये, टाकून द्यावं. नीट ठेवलेलं जेवण आतपर्यंत निदान 75 अंश तापलं पाहिजे, आणि खायचं तेवढंच काढून एकदाच तापवायचं.

सोलकढी मात्र गॅसजवळही नेऊ नका. ती तापली की फुटते. भात झाकून ठेवला की ती फ्रिजबाहेर काढा, तळाशी बसलेला रस ढवळून घ्या आणि चाखून बघा. आंबटपणा रात्रीत वाढलेला असेल तर 2 चमचे ताजा खोबऱ्याचा रस घाला.