प्रोसेसरला जास्त व्होल्टेज द्यायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी एक वही घ्या, साधी कागदाची, जी पीसीच्या शेजारीच राहील आणि दोन वर्षांनी शोधली तरी सापडेल. पहिल्या पानावर एकच आकडा लिहायचा, ओव्हरक्लॉक करताना, म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवताना, व्हीकोर (प्रोसेसरच्या कोअरना मिळणारं व्होल्टेज) कितीच्या पुढे न्यायचा नाही तो. हा आकडा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) काही वाढवायच्या आधी, दिवसाउजेडी, डोकं शांत असताना लिहायचा, कारण रात्री दोन वाजता ५.१ गिगाहर्ट्झवर विंडोज चालू होतंय पण सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवणारी टेस्ट) शेवटच्या मिनिटाला क्रॅश होतंय अशा वेळी प्रत्येकजण "अजून ०.०२ देऊन बघू" म्हणतो, आणि असं चार वेळा म्हटलं की कुठे येऊन पोचलो ते कळत पण नाही.

मी हे इतकं आवर्जून सांगतोय कारण माझा एक सहा कोअरचा प्रोसेसर असाच गेला. सगळे कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर, १.४ व्होल्ट फिक्स करून ठेवले होते, टेंपरेचर कधी ७५ च्या वर गेलं नाही म्हणून मी निर्धास्त होतो. आठेक महिन्यांनी व्हिडिओ एक्सपोर्ट करताना पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला, मग त्याच व्होल्टेजला ४.२ च झेपेना, मग ४.१, आणि या सगळ्या काळात टेंपरेचर मात्र तेच, ७५. तेव्हा कुठे नीट समजलं की थंड आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नसतं. प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो, पार बंद पण होतो, पण तुम्ही हाताने टाकलेल्या व्होल्टेजपासून त्याला वाचवणारं असं काही भरवशाचं नाही, तिथे तुमची वहीच.

आत नेमकं काय होतं ते थोडक्यात. चिपमधल्या तांब्याच्या तारा इतक्या बारीक असतात की जोरात वाहणारे इलेक्ट्रॉन तांब्याचे अणूच हळूहळू ढकलत नेतात, एका जागी पोकळी होते आणि दुसरीकडे ढीग साचतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि करंटची घनता व उष्णता वाढली की तारेचं आयुष्य किती झपाट्याने घटतं याचं समीकरण जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटीच मांडून ठेवलंय. दुसरं म्हणजे ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा इन्सुलेशनचा अगदी पातळ थर, त्याच्यावर जास्त व्होल्टेजचा ताण राहिला की ट्रान्झिस्टर सुस्त होतो आणि त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज मागायला लागतो, ते दिलं की अजून सुस्त. माझ्या प्रोसेसरचं तेच झालं. हे उलटं फिरवता येत नाही, सेटिंग मागे घेतलं तरी झालेली झीज तशीच राहते.

आता वरच्या मर्यादेचा आकडा ठरवायचा कसा, तर कोणीतरी सांगितलेला "सेफ" आकडा उचलू नका, स्वतःच्या चिपला विचारा. बायोस डिफॉल्टवर ठेवा, एचडब्ल्यूइन्फो (व्होल्टेज, टेंपरेचर दाखवणारा प्रोग्रॅम) चालू करा, सिनेबेंच मल्टीकोर अर्धा तास चालवा आणि पूर्ण लोडवर व्हीकोर किती दिसतो ते लिहून घ्या. पूर्ण लोडवरचा, हे महत्त्वाचं. एएमडीच्या रायझनमध्ये नुसतं ब्राउझर उघडलं तरी क्षणभर १.४५ च्या आसपास आकडा दिसतो आणि लोक म्हणतात कंपनीच १.४५ देतेय तर मी १.४ दिले तर काय बिघडलं, पण ते एकदोन कोअरसाठी, थोड्या करंटवर, थोडा वेळ असतं. सगळे कोअर राबायला लागले की तोच प्रोसेसर स्वतःहून व्होल्टेज खाली आणतो. मी फसलो ते इथेच. आता मी पूर्ण लोडच्या आकड्यावर फार तर ०.०५ व्होल्ट धरतो आणि तीच माझी मर्यादा, कोणाला भित्रेपणा वाटला तर वाटू दे.

त्याच पानावर हिशोब पण मांडून बघा. पॉवर ही वेगाच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे समजा ४.७ गिगाहर्ट्झ १.२५ व्होल्टवर चालतंय आणि ५.० साठी १.४० द्यावे लागले, तर वेग वाढला साधारण ६ टक्के आणि पॉवर वाढली ३३ टक्के, १५० वॉटचे २०० झाले, आणि गरम झाल्यावर जे लीकेज (ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळणारा करंट) वाढतं ते अजून धरलेलंच नाही. सहा टक्क्यांसाठी हे करायचंय का, ते इथे ठरवा. नको वाटलं तर वही मिटा, काही बिघडत नाही.

मग जुनी उदाहरणं माहीत असू द्या. २००२ च्या सुमारास इंटेलच्या पेंटियम ४ चा नॉर्थवुड आला, मूळ व्होल्टेज १.५ च्या आसपास, मस्त ओव्हरक्लॉक व्हायचा, आणि १.७ च्या वर नेलेले कित्येक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एकाएकी मेले, त्याला तेव्हा सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम असं नावच पडलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७८००एक्स३डी बाजारात आला आणि त्याच महिन्यात जळालेल्या सॉकेटचे फोटो फिरायला लागले, मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल (मेमरी जास्त वेगाने चालवणारी तयार सेटिंग) चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) नको तितकं वर नेत होते, शेवटी एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. यातून तयारीत एक गोष्ट घ्या, मेमरीचं प्रोफाइल चालू करणं हे पण ओव्हरक्लॉकिंगच आहे, ते केल्यावर एसओसीचा आकडा एकदा डोळ्याने बघून वहीत लिहायचा.

आणि इंटेलच्या १३ व्या, १४ व्या पिढीचं तर ताजंच आहे. लोकांनी स्वतः काहीच वाढवलं नव्हतं तरी गेम "व्हिडिओ मेमरी संपली" असा एरर देऊन बंद पडायचे, बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले, दोष निघाला प्रोसेसरचा. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने कोअरमधलं क्लॉकचं सर्किट झिजत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (बायोसमधून येणारं प्रोसेसरचं अपडेट) आला, त्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली, पण जे आधीच झिजले होते ते त्याने दुरुस्त झाले नाहीत. तेव्हा या पिढीचा प्रोसेसर असेल तर ओव्हरक्लॉकचा विषय नंतर, आधी बायोस नवा करा आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज लावा. बायोस टाकताना पीसी यूपीएसवरच हवा, मधेच लाईट गेली तर बोर्ड उठतच नाही असं होऊ शकतं.

वॉरंटीचे नियम वाचा, ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा, कारण अस्थिर प्रोसेसर दर वेळी क्रॅशच होतो असं नाही, कधी गुपचूप चुकीचा डेटा लिहितो आणि फोटो उघडायला गेल्यावर महिन्याभराने कळतं. सीमॉस क्लिअरची पिन (बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणणारी) कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. प्लगला अर्थिंग आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत बरेचदा तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नसते.

लोडलाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोडखाली व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारं बायोसमधलं एलएलसी, याच्यासाठी वेगळा वेळ काढा, इथे खूप जण चुकतात. लोड आल्यावर व्होल्टेज थोडं खाली येणं हे मुद्दाम ठेवलेलं असतं. ते खाली येतंय म्हणून लोक एलएलसी सगळ्यात वरच्या लेव्हलला नेतात, आकडा छान सरळ दिसतो, पण लोड एकदम सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारून तुमच्या सेट आकड्याच्याही वर जातं. ती उसळी मायक्रोसेकंदांची, आणि एचडब्ल्यूइन्फो दर दोन सेकंदांनी आकडा वाचतं, म्हणजे ती तुम्हाला कधीच दिसणार नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून एलएलसी मधल्या लेव्हलला ठेवा आणि व्होल्टेजची सेटिंग ऑटोवर सोडू नका, मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) वाढवला की काही बोर्ड ऑटोमध्ये भरपूर व्होल्टेज ओततात.

खोलीचं टेंपरेचर वहीत रोज लिहायचं. आमच्या नागपुरात हे फार लागतं. डिसेंबरात खोली २० वर असते, टेस्टमध्ये प्रोसेसर ७८ दाखवतो, सगळे खूश, आणि मे महिन्यात बाहेर ४४-४५, खोलीत कूलर लावून पण ३६, म्हणजे तोच प्रोसेसर त्याच सेटिंगला ९४ च्या घरात जाणार. डिसेंबरच्या आकड्यात हे १६ डिग्री आधीच मिळवून बघा. पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, धूळ आणि दमट हवा दोन्ही आत जाते. थर्मल पेस्ट जुनी असेल तर बदला, आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा बोर्डवरचा भाग) हवा जातेय ना बघा, प्रोसेसरवर पाण्याचा (लिक्विड) कूलर लावला की सॉकेटभोवती पंख्याची हवाच उरत नाही.

एवढं झालं की मग सुरुवात, आधी व्होल्टेज न वाढवता वेग १०० मेगाहर्ट्झने वर, टिकतो तोवर टिकू द्या, अडला की व्होल्टेज ०.०१ ने, दर वेळी टेस्ट, दर वेळी नोंद. पहिल्या पानावरचा आकडा आला की थांबायचं, तिथे जो वेग टिकला तो तुमचा. पुढेही आठवड्यातून एकदा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी आल्या का बघा, आल्या तर व्होल्टेज वाढवायचं नाही, वेग १०० ने उतरवायचा.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून ठेवा, एक हिवाळ्याचं आणि एक उन्हाळ्याचं, उन्हाळ्याचं १००-२०० मेगाहर्ट्झने आणि त्यानुसार व्होल्टेजनेही खाली. माझ्याकडे होळी झाली की दुसऱ्या दिवशी उन्हाळ्याचं लोड होतं, आणि दसऱ्याला पीसी साफ करायला उघडतो तेव्हा पेस्ट, पंखे बघून परत हिवाळ्याचं.