अमळनेरला येताय? कडेवर मूल असेल तर आधी अंगणवाडी गाठा

आम्ही 2009 साली चिपळूणहून अमळनेरला आलो. यांची बदली झाली होती, मोठा तीन वर्षांचा होता आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यानंतर इथे आलेल्या निदान दहा-बारा जणींना मी तोंडी हेच सांगत आलेय. आता एकदाच लिहून टाकते.

गॅसचं कनेक्शन, कूलर, दूधवाला हे सगळं कसंही होतं. (कूलर मात्र मार्चआधीच घ्या, कोकणातला पंखा इथे मे महिन्यात गरम हवाच फेकतो.) पहिल्या आठवड्यात गल्लीत विचारून आपली अंगणवाडी कोणती ते शोधा. मी शोधली नाही. "ती गरिबांच्या पोरांसाठी असते" असं डोक्यात होतं. म्हणून फी भरून मोठ्याला एका खाजगी बालवर्गात घातलं. तीन वर्षांच्या पोराला तिथे रोज पानभर अक्षरं गिरवायला लावायचे. दोन महिन्यांत तो पाटी दिसली की रडायला लागला.

शेवटी शेजारच्या आजींनी हाताला धरून अंगणवाडीत नेलं. मदतनीसताईंचा पहिला प्रश्न, "तुमना पोर्‍या कितला वरीसना शे?" मी नुसतीच बघत राहिले. ही अहिराणी, इकडची खानदेशातली बोली; पोरगा किती वर्षांचा, एवढंच विचारत होत्या. घाबरू नका, महिन्याभरात कळायला लागते, आणि पोरांना तर आठवड्यात. आमचा घरी येऊन "माले पानी दे" म्हणायला लागला तेव्हा सासूबाई फोनवर हबकल्या होत्या. बोलू द्या. घरची मराठी कुठे जात नाही.

अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी नव्हे. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण. या मुलांना तिथेच गरम जेवण मिळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना, गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार असतो. गाणी, गोष्टी, माती, मणी ओवणं यातूनच शिकवतात. रेशनकार्ड कुठल्या रंगाचं हे नाव घालताना कुणी विचारत नाही. मुलाचं आधार नसेल तर आईच्या आधारवर नोंद होते. आधीच्या गावी नाव असेल तर तिथल्या ताईंना सांगून निघा. आता नोंद मोबाइलवर असते, ती इकडे वळवता येते.

माझी खरी फजिती धाकटीच्या वेळी झाली. बाळंतपण माहेरी, पहिल्या लसी तिकडे, आणि माता-बाल संरक्षण कार्ड राहिलं आईच्या ट्रंकेत! इथे नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीला गेले तर आधीचं काय झालंय ते धड सांगता येईना. भावाने कार्ड पोस्टाने पाठवलं, तोवर लसीकरणाचा एक दिवस हुकला. ते कार्ड मंगळसूत्रासारखं जपा.

धाकटी दीड वर्षांची असताना ताईंनी पोषण बघायची रंगीत पट्टी तिच्या दंडाला गुंडाळली. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरापर्यंत पिवळा, त्याच्या खाली लाल. माप 12.2 आलं, म्हणजे पिवळं. मला तर ती छान गुटगुटीत दिसत होती! ताई रागावल्या नाहीत. काय भरवता, किती वेळा, एवढंच विचारलं. मी दोन वेळा मऊ भात आणि वरणाचं पाणी, अशी कोकणी सरळ वाट धरली होती. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्या, भाकरी दुधात कुस्करा, वर चमचाभर तेल, शेंगदाण्याचा कूट घाला, असं त्यांनी सांगितलं. दर महिन्याला वजन करायला बोलावलं. तिसऱ्या महिन्यात पट्टी हिरव्यावर गेली.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6000. खातं आईच्याच नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. बँकेत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, इथेच निम्म्या जणींचं अडतं, ते आधी सारखं करून घ्या. 1 एप्रिल 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगी आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजनेचीही चौकशी करा. घरात मारहाण, धाक असलं काही असेल तर 181 लावा. मुलांसाठी 1098. हे नंबर मी स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून ठेवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना दिसतात.

तक्रारही सांगते. कधी आहार उशिरा येतो, कधी ताई सर्व्हेला गेलेल्या असतात आणि मदतनीस एकटीच वीस पोरं सांभाळते. तेव्हा भांडू नका, आत जाऊन बसा, दोन पोरांचे हात धुवा. मला इथल्या मैत्रिणी तशाच मिळाल्या. कानबाईच्या, म्हणजे इकडच्या देवीच्या, सणाचं पहिलं बोलावणं मला त्या ओट्यावरच आलं.

आणि पहिल्या दिवशी पोराला टाकून पळू नका. मी तीन दिवस पायरीवर बसले होते. चौथ्या दिवशी मदतनीसताईच म्हणाल्या, "आते घर जा व माय, त्यानं ध्यानबी नही तुमनाकडे."