फेलोशिप मिळाली, पण तुमची ओपीडी कोण बघणार?

एमडी झाल्यावर संशोधनात शिरायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे मला फोन येतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, कुठली फेलोशिप (संशोधनासाठीचं अर्थसाहाय्य) भरू? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), इंडिया अलायन्सची (केंद्र सरकार आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची भागीदारी), की थेट बाहेरची? माझं म्हणणं, हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारा की फेलोशिप लागल्यावर तुमच्या वाट्याची ओपीडी कोण बघणार आहे.

अर्जासोबत संस्थेचं पत्र जोडावं लागतं. त्यात बहुतेक ठिकाणी एकच साचेबद्ध वाक्य असतं, 'संस्था उमेदवारास सर्व आवश्यक सहकार्य करील.' माझ्या पत्रातही तेच होतं. फेलोशिप लागली, पेढे वाटले, पुष्पगुच्छ झाला, आणि पुढच्या महिन्याच्या ड्युटी चार्टवर माझं नाव जिथल्या तिथे. ओपीडी, राउंड, पीजी विद्यार्थ्यांचे थिसिस, कॉलेजच्या तपासणीसाठीची कागदपत्रं, काहीच कमी झालं नाही. संशोधन उरलेल्या वेळात करायचं, आणि उरलेला वेळ म्हणजे रात्र.

त्याने काय होतं ते सांगते. माझ्या अभ्यासासाठी फील्डवरच्या ताई घरोघर फिरून फॉर्म भरून आणत. ते तपासायला मी बसायचे तेव्हा घरातले झोपलेले असत. एका फॉर्मवर नवजात बाळाचं वजन 28 किलो. 2.8 असणार हे दिसतंच, पण आपल्या मनाने टिंब द्यायचं नसतं, विचारायचं असतं. त्या वेळी फोन कसा करणार? सकाळी ओपीडीत शिरलं की ते राहून जायचं. आठवड्याने विचारलं तर ताईंना घर आठवायचं, अंगणातली शेळीसुद्धा आठवायची, वजन मात्र नाही. असे फॉर्म साठत गेले की नंतर कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ आणा, हातात काही लागत नाही.

म्हणून पत्राचा मसुदा स्वतः टाइप करून न्या. आठवड्यातले कुठले वार क्लिनिकल कामाचे आणि कुठले संशोधनाचे, हे वारांच्या नावांसकट लिहा. रात्रीची इमर्जन्सी आहे की नाही, ते लिहा. तुमच्या जागी कोण काम बघणार, निदान कुठल्या पदावरची व्यक्ती, ते लिहा. सही फक्त विभागप्रमुखांची, म्हणजे एचओडींची नको. डीनची हवी, जावक क्रमांकासह. एचओडी बदलतात. आमच्याकडे नवे सर आले आणि म्हणाले, तोंडी काय ठरलं होतं ते मला माहीत नाही. ते काही दुष्ट नव्हते, विभागात माणसंच कमी होती. पण त्यांना दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. सरकारी नोकरीत असाल तर बदलीचं काय, धारणाधिकार (मूळ पदावरचा हक्क) राहणार का, वेतनवाढ चालू राहणार का, हेही आधीच लेखी घ्या. सरकारी सेवेचा बॉण्ड शिल्लक असेल तर त्याचा निकाल लावूनच अर्ज करा. 'बघू, नंतर करू' म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. कुणाचंही.

हे वाचून अर्जच करू नये असं वाटत असेल तर थांबा. वेळ मिळाला की डॉक्टर काय करू शकतो, याचं उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. मुंबईत वाढलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी 1996 मध्ये सहकाऱ्यांसोबत तिथे 'संगथ' ही संस्था सुरू केली आणि पुढे वेलकम ट्रस्टच्या फेलोशिपवर गोव्यात राहूनच काम केलं. नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक मदत करू शकतात का, हे त्यांच्या गटाने 24 आरोग्यकेंद्रं आणि खासगी दवाखान्यांत तपासलं. 2010 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही, आणि दोन्ही तसंच छापलं. मला यातलं हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. 2019 मध्ये त्यांना मिळालेला कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार ही नंतरची गोष्ट.

पुण्यात बी. जे. मेडिकल आणि जॉन्स हॉपकिन्सच्या सहकार्यातूनही असंच काम उभं राहिलं. एचआयव्हीग्रस्त आईचं दूध पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन हे एचआयव्हीविरोधी औषध देण्याच्या अभ्यासात इथिओपिया, युगांडाबरोबर भारतही होता. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

गुरूंबद्दल माझं मत थोडं कडक आहे. परदेशातलं मोठं नाव अर्जावर शोभून दिसतं, पण दोन महिन्यांतून एकदा ईमेलला उत्तर देणारा गुरू काय कामाचा? मंगळवारी संध्याकाळी तुमच्या पेपरातला टेबल नंबर तीन बघून 'हे चुकलंय' म्हणणारी व्यक्ती शोधा, भले ती तुमच्यापेक्षा फक्त चार वर्षांनी सीनिअर असो. आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बघा. रायगडच्या खेड्यातल्या प्राथमिक केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण खाटेशी बसून पाहत त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार रुजवला, आणि 2011 मध्ये प्रतिविष व प्राझोसिनची चाचणी बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आणली. प्रश्न रुग्णासमोर बसून सापडतो, अनुदानाच्या जाहिरातीत नाही.

शॉर्टकटचं तर बोलूच नका. पैसे देऊन पेपरवर नाव घालणारे तुम्हालाही भेटतील. निवड समितीतल्या पहिल्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. संशोधन पद्धतीचा एनपीटेल या ऑनलाइन व्यासपीठावरचा सक्तीचा कोर्स दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवून संपवू नका, नमुना-संख्येचे (अभ्यासात किती जण घ्यायचे याचे) धडे तरी कागद-पेन घेऊन करा.

एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधनाची योजना आहे, 1979 पासूनची. लहान आहे म्हणून सोडू नका, एथिक्स कमिटीचा फॉर्म हाताने भरण्याची सवय तिथेच लागते. पुढे गेलेल्यांसाठी बातमी चांगली आहे: इंडिया अलायन्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये मंजुरी दिली, 1500 कोटींची, त्यातले 1000 कोटी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि 500 कोटी वेलकमचे. परदेशी पैसा किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, आणि चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी. या दोन्हींचे महिने वेळापत्रकात धरा.