एमआरआय करताना या चुका टाळा: ‘मशीन बंद आहे’ यावर विश्वास ठेवू नका

स्कॅन संपतो, धडधड थांबते आणि बाहेर बसलेले नातेवाईक उठून आत यायला निघतात. मशीन बंद झालं, असं त्यांना वाटतं. थांबलेला असतो तो फक्त आवाज, चुंबक नाही. द्रवरूप हीलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज अखंड फिरत असते आणि बाहेरचा पुरवठा तोडला तरी ती फिरतच राहते. लाइट गेली, रात्री सेंटरला कुलूप लागलं, तरी चुंबक चालूच. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनची ताकद पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त असते. मी ठाण्यात एमआरआय टेक्निशियन आहे. या खोलीतले मोठे अपघात बहुतेक दारातच ठरतात, म्हणून आधी दाराबद्दल लिहिते.

सिलिंडर आत नेणं

नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीत गेला आणि दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सुमारे चार तास चिणले गेले. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक हातातल्या सिलिंडरसकट ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं.

दारात उभं राहिलं तर हातातल्या वस्तूला फारशी ओढ जाणवत नाही. म्हणूनच धीर येतो. दोन-चार पावलं पुढे गेलं की ती ओढ एकदम वाढते, आणि तेव्हा हात सोडायलाही वेळ मिळत नाही. व्हीलचेअर, स्ट्रेचर, सलाइनचा स्टँड, फरशी पुसायची लोखंडी बादली, सगळ्यांचं असंच. पेशंटला ऑक्सिजन लागत असेल तर तो भिंतीतल्या पाइपलाइनमधून द्यायचा, आणि पेशंटला बाहेरच एमआरआयसाठी बनवलेल्या स्ट्रेचरवर घ्यायचं. नातेवाइकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कोणी तुमच्या हातात सिलिंडर देऊन “चला आत” म्हणालं, तर जागचे हलू नका. टेक्निशियनला बोलवा. तो ‘हो’ म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, मग सांगणारा डॉक्टर का असेना.

सेंटर चालवणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. सफाईच्या मावशी, रात्रपाळीचे वॉर्डबॉय, एसी दुरुस्तीची माणसं यांना प्रशिक्षण न देता त्या मजल्यावर कामाला लावणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. फॉर्म पेशंटचा भरून घेतला जातो, बादली घेऊन येणाऱ्याला मात्र कोणी काही विचारत नाही.

फॉर्मवर नुसत्या टिका मारणं

फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. मुलगा बाहेर बसून भराभर ‘नो’, ‘नो’ लिहितो आणि वडिलांना काही विचारतच नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या कारखान्यांच्या पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसाला “मेटल इम्प्लांट आहे का?” असं विचारलं तर तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. त्यालाच “ग्राइंडिंग, वेल्डिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?” असं विचारा. “गेला होता की, वीस वर्षं झाली, कंपनीतल्याच एकानं काढला.” तो पूर्ण निघाला होता का, हे कोणालाच माहीत नसतं. बुबुळामागे अडकलेला बारीक कण चुंबकात सरकला तर डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. म्हणून अशा वेळी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. तो सांगितला तर ‘बिल वाढवतायत’ असं समजू नका.

दुसरं नेहमीचं वाक्य: “मागच्या वर्षी एमआरआय झाला होता, तेव्हा काही झालं नाही.” त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेव्हाचं मशीन १.५ टेस्लाचं असेल, आजचं तीनचं असेल. तेव्हा गुडघा होता, आज छाती आहे. शरीरात बसवलेल्या कितीतरी उपकरणांना परवानगी अटींसह असते: अमुक ताकदीच्या चुंबकात, अमुक सेटिंगवरच. पेसमेकर नवा असेल तर स्कॅन होऊ शकतो, पण मॉडेल तपासून आणि त्याचा मोड बदलून घेतल्यावर. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं उपकरण, त्यात स्वतःचाच चुंबक असतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप तर कागदपत्रांशिवाय आत नेऊच नये. हाडातली टायटॅनियमची पट्टी सहसा अडचणीची नसते, तरी सांगायची. उपकरणाबरोबर मिळालेलं कार्ड रिपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा, नाहीतर मोबाइलमध्ये त्याचा फोटो तरी असू द्या.

सोनं-चांदी चालतं, असं धरून चालणं

सोन्या-चांदीला चुंबक ओढत नाही, हे खरं. पण दागिन्याच्या फासात, मळसूत्रात दुसरा धातू असू शकतो आणि धातूचं कडं स्कॅनच्या वेळी मशीन सोडतं त्या रेडिओलहरींनी तापू शकतं. जोडवी, पैंजण, करदोटा, तावीज, पदराची सेफ्टी पिन, केसातल्या पिना, सगळं काढायचं. मंगळसूत्र काढताना काकूंचा जीव कासावीस होतो. तेव्हा “लॉकरमध्ये टाका” म्हणू नये, सुनेच्या किंवा बहिणीच्या हाती द्यायला सांगावं. घट्ट बसलेलं जोडवं निघत नसेल तर लपवू नका. सोबत आत येणाऱ्यानं खिशातली नाणीही बाहेर ठेवायची, आपली एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटतात.

“थोडं गरम लागतंय” म्हणून सोसणं

एमआरआयमध्ये नोंदल्या जाणाऱ्या इजांमध्ये भाजण्याचं प्रमाण मोठं आहे, आणि ते टाळता येतं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली किंवा उघड्या मांड्या एकमेकींना टेकल्या की शरीरातच विजेचं वेटोळं तयार होतं आणि टेकलेल्या जागी कातडी भाजते. मध्ये पॅड ठेवायचं, केबलचा वेढा अंगावर येऊ द्यायचा नाही. चांदीचे धागे असलेले खेळाचे टी-शर्ट, ॲल्युमिनियमचा थर असलेले औषधी पॅच आणि नाकावर तार असलेला मास्कही काढायचा. अशा मास्कच्या तारेनं पेशंटचा चेहरा भाजल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये इशारा दिला होता. टेक्निशियन मंडळींनी मशीनमध्ये पेशंटचं वजन अंदाजानं टाकू नये, कारण रेडिओलहरींच्या ऊर्जेची मर्यादा त्यावरून ठरते. वजन जास्त टाकलं तर मशीन पेशंटला झेपेल त्यापेक्षा जास्त ऊर्जा देऊ शकतं.

पैसे पुन्हा भरावे लागतील म्हणून लोक मुकाट्यानं चटका सोसतात. सोसू नका, टेक्निशियनला बोलवण्यासाठी हातात दिलेला फुगा दाबा. गुंगीत असलेलं मूल फुगा दाबू शकत नाही, त्याच्याकडे सतत लक्ष हवं. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, कानात बोळे घातल्याशिवाय आडवं व्हायचं नाही.

तरीही काही घडलंच तर

खुर्ची मशीनला चिकटली, पण कोणी अडकलं नाही: हातानं ओढू नका, खोली बंद करा, कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा. माणूस अडकला: क्वेंचचं, म्हणजे हीलियम उकळवून चुंबकत्व घालवायचं, बटण दाबा. विजेचं मेन स्विच पाडून चुंबकत्व जात नाही. क्वेंच केल्यावर हीलियम उकळून सुमारे सातशे पट फुगतो. तो छतावरच्या नळीतून बाहेर जायला हवा, पण खोलीत शिरला तर प्राणवायू हटवतो, म्हणून माणसाला घेऊन लगेच बाहेर पडायचं. बटण कुठं आहे आणि चालतं का, हे प्रत्येक पाळीला माहीत हवं.

पेशंटचं हृदय थांबलं तर छाती दाबायला सुरुवात करून त्याला ताबडतोब खोलीबाहेर काढा. मग दार लावून एका माणसाला दारात उभं करा. मदतीला धावत येणाऱ्यांच्या हातात सिलिंडर असतो, घशात नळी घालताना वापरायचा लॅरिंगोस्कोप असतो, आणि घाईत ते सरळ आत शिरतात.