महिनाअखेरीसही ताटात डाळ हवी असेल तर

कमी उत्पन्नाच्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर ताट कसे बदलते, हे नीट पाहिले म्हणजे आहाराचे नियोजन कोठून सुरू करावे ते कळते. चपाती किंवा भाकरी तेवढीच राहते, भात थोडा वाढतो, आमटी मात्र दिवसेंदिवस पातळ होत जाते आणि शेवटच्या आठवड्यात एका वेळचे जेवण चहा-चपातीवर निभावले जाते. अशा घरात धान्य सहसा संपत नाही. संपते ती डाळ. म्हणून महिन्याचा किराणा भरताना पहिले पैसे डाळी-कडधान्यांसाठी बाजूला काढावेत आणि बाकीची यादी उरलेल्या रकमेत बसवावी.

त्यासाठी धान्यावरचा खर्च शक्य तितका रेशनवर टाकावा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. नव्या सुनेचे आणि घरातील लहान मुलांचे नाव कार्डावर चढले आहे की नाही, हे आधी तपासावे, कारण प्रत्येक राहून गेलेले नाव म्हणजे दरमहा पाच किलोंचा तोटा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गाव सोडून जाणाऱ्यांना आधारशी जोडलेल्या त्याच कार्डावर दुसऱ्या गावच्या दुकानातूनही आपला वाटा उचलता येतो. रेशनच्या तांदळात मधूनच वेगळ्या रंगाचे, धुताना कधी कधी तरंगणारे दाणे दिसले, तर ते ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकू नयेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून ते तयार केलेले असतात.

आता डाळीचा हिशेब. दुकानात उभे राहून किलोचा भाव पाहण्यापेक्षा एका ग्रॅम प्रथिनाला किती पैसे पडतात ते पाहावे. समजा, तूरडाळ १४० रुपये किलो आहे. किलोभर डाळीत सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ग्रॅमला साधारण ६४ पैसे पडले. सात रुपयांच्या अंड्यात ६ ग्रॅम धरली तर ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आसपास जातो, ६० रुपये लिटरच्या दुधात जवळजवळ दोन रुपये. सोयाबीनच्या वड्या तूरडाळीच्याच भावाने घेतल्या तरी त्यांत निम्मे वजन प्रथिनांचे असल्यामुळे २८ पैशांत काम होते. भाव गावोगाव बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. त्यावरून दूध-अंडी बंद करावीत असा अर्थ मात्र काढू नये. ब-१२ जीवनसत्त्व डाळीत नसते. पैसे मोजकेच असतील तर अंडी आणि दूध आधी वाढत्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला द्यावे.

दोन मोठी माणसे आणि दोन मुले असतील तर रोज पाव किलो, म्हणजे महिन्याला साडेसात किलो डाळी-कडधान्ये हे उद्दिष्ट ठेवावे. एवढे झेपत नसेल तर पाच किलोंपासून सुरुवात करावी. सगळी तूरडाळच आणली पाहिजे, हा हट्ट खर्चात पाडतो. मसूर, हरभराडाळ, मटकी, हुलगे यांत जे त्या महिन्यात स्वस्त असेल ते जास्त घ्यावे. दहा किलो गव्हाच्या दळणात एक किलो हरभरे टाकले, तर चपाती थोडी चिवट होते खरी, पण आमटी न खाणाऱ्या मुलाच्या पोटातही डाळ जाते. वड्यांचा वास आवडत नसेल तर त्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळाव्यात आणि बारीक करून उसळीत मिसळाव्यात.

ज्या दिवशी गॅस संपत आला असेल, त्या दिवसासाठी कोकणातले कुळथाचे पिठले हाताशी असावे. हुलगे म्हणजेच कुळीथ. ते भाजून, भरडून, सालपट पाखडून गिरणीतून पीठ आणले की ते महिनाभर पुरते. चार माणसांसाठी वाटीभर पीठ गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे. चमचाभर तेलात लसूण, मिरची आणि कांदा परतून चार-पाच वाट्या पाणी घालावे, उकळी आली की कालवलेले पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे आणि दोन-तीन आमसुले टाकून दहा मिनिटे रटरटू द्यावे. भातावर वाढले की वेगळी भाजी लागत नाही.

भाजी आठवडी बाजारात, तीही बाजार उठायच्या सुमारास घ्यावी. तेव्हा वाटे मोठे होतात आणि विक्रेत्यालाही ओझे परत न्यायचे नसते. फ्लॉवर किंवा सिमला मिरचीच्या मागे न लागता तांदुळजा, चाकवत, अंबाडी, राजगिरा अशा पालेभाज्या घ्याव्यात. मुळ्याचा पाला टाकून देणाऱ्यांचे मला नवल वाटते. पीठ पेरून केलेली त्याची भाजी मुळ्यापेक्षा चवदार लागते. शेवग्याचे झाड दारात असेल तर कोवळा पाला फुकटच मिळतो. या भाज्यांतले लोह अंगी लागायचे असेल तर जेवताना लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, तासभर थांबावे. मोड आलेल्या मटकीत क जीवनसत्त्व वाढलेले असते, त्यामुळे लिंबू महाग असेल तेव्हा ती मूठभर, किंचित वाफवून, ताटात वाढावी.

तेल माणशी महिन्याला ६०० ते ७५० ग्रॅम पुरते. मुलांच्या हातावर ठेवलेल्या पाच-पाच रुपयांच्या चिप्सच्या आणि बिस्किटांच्या पुड्यांची मात्र महिनाभर नोंद करून पाहावी. दोन मुलांना रोज एकेक पुडा दिला तर ३०० रुपये होतात, आणि तेवढ्यात शेंगदाणे-गुळाचे लाडू महिनाभर पुरावेत. अंगणवाडीतून घरी मिळणारे पाकीट बेचव म्हणून बाजूला पडत असेल, तर त्यातले पीठ कांदा-कोथिंबीर घालून थालीपिठात वापरता येते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. यामागे कारणे अनेक आहेत, पण सर्वांचे झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाण्याची घरातली रीत त्यांत भर घालते. उसळ चुलीवरून उतरली की घरातल्या बाईच्या नावाची वाटी आधी काढून झाकून ठेवावी. वाढणाऱ्याला नंतर तडजोड करायची वेळ येत नाही.

किराणा घरी आला की त्याच दिवशी सगळी डाळ आणि कडधान्ये चार सारख्या पिशव्यांत वाटावीत. पहिली डब्यात ओतावी. उरलेल्या तीन पिशव्या गाठ मारून, सहज हात न पोहोचेल अशा वरच्या फळीवर ठेवाव्यात. पाहुणे आले आणि दुसरी पिशवी दोन दिवस आधी फोडावी लागली, तरी चौथीची गाठ बावीस तारखेच्या आत सुटू देऊ नये.